मात्र

रक्कम अक्षरांत लिहून झाली
की तिच्या अंगाला अंग लावून ‘मात्र’ लिहायचं,
आणि पुढे चौकटीच्या कडेपर्यंत रेघ ओढायची.
बाबांनी हे शिकवलं तेव्हा मी सातवीत होते
आणि माझ्या खात्यावर सव्वाशे रुपये होते.

मी म्हटलं, मात्र म्हणजे ‘पण’ ना?
बाई सांगतात, मात्र आलं की पुढे काहीतरी येतंच.
मुलगी हुशार आहे, मात्र अक्षर गचाळ.
बाबा म्हणाले, बँकेत मात्रनंतर काही येत नाही.
येऊ द्यायचं नाही.
जागा सोडलीस की कुणीतरी येऊन बसतं.

ग्वाल्हेरला, लष्करच्या शाखेत, एकतीस वर्षं
त्यांनी सह्या ताडल्या.
डाव्या हाताला नमुन्याचं कार्ड, उजव्या हाताला चेक,
मध्ये भिंग.
पाटणकर बाजारात कुणी नमस्कार केला
तर चार पावलं पुढे जाऊन मला सांगत:
हा तो, ‘र’ची शेपटी खाली ओढणारा.
चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत.

दालबाजारच्या एका आढत्याने
सात हजारांच्या आधी बोटभर जागा मोकळी ठेवली होती.
तिथे ‘दोन लाख’ येऊन बसले.
शाई तीच होती, बाबा सांगायचे, घाई वेगळी होती.
ही गोष्ट ते जेवताना सांगत,
आणि आई म्हणे, आता भात घ्या.

चेकच्या तळाशी पांढरी पट्टी असते,
तिथे पेन टेकवू द्यायचे नाहीत. ते यंत्राचं अंगण.
तिथल्या एका आकड्यात आपलं गावही आहे म्हणायचे,
चारशे चौऱ्याहत्तर,
आणि गाव सगळ्यांना माहीत असलं
तरी घराची किल्ली कुणी दाखवत फिरत नाही.
कोरी सही मागणाऱ्या सख्ख्या काकांना
त्यांनी चहा दिला. सही दिली नाही.

गेल्या महिन्यात परिहार दूधवाल्याचा चेक परत आला.
अडीच हजार मात्र.
सोबत चिठ्ठी: सही जुळत नाही.

बाबांनी भिंग मागवलं.
त्र्यंबकमधला ‘त्र’ आणि मात्रमधला ‘त्र’
ते जन्मभर एकाच वळणाने काढत आले.
आता दोन्ही ‘त्र’ थंडीत उभे असल्यासारखे.
बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाले, बरोबर केलं पोराने.
मीही परत केला असता.

दुपारी फोन आला.
बँक से बोल रहे हैं, बाबूजी, खाता बंद हो जाएगा.
त्याला नाव माहीत होतं, शाखा माहीत होती,
नुकताच आलेला सहा आकड्यांचा नंबर तेवढा हवा होता.
बाबांचा हात कापतो, आवाज कापत नाही.
म्हणाले, आधी आपकी सही भेजिए,
मिलाकर देखता हूँ.

बँकेत निकिता कुशवाह नावाची मुलगी होती.
तीन चौकटींत तीन सह्या करायच्या होत्या.
चलेगा अंकल, ती म्हणाली.
नहीं चलेगा, तीनों तीन आदमी हैं.
मग त्यांनीच दुसरा फॉर्म मागितला, संयुक्त खात्याचा,
आणि एका ओळीवर बोट ठेवून मला वाचायला लावलं:
दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो.
मी वाचलं. तिथे टिक केली.

आता सही मी करते.
काल परिहारचा चेक लिहून त्यांच्यापुढे धरला.
दोन तिरप्या रेघा पाहिल्या, तारीख पाहिली,
रकमेच्या आधी जागा आहे का, नखाने मोजलं.
छान आहे, म्हणाले, मात्र

मी वाट पाहिली.
त्यांनी टेबलावर बोट टेकवलं
आणि कडेपर्यंत एक रेघ ओढली,
जरा वाकडीच.